गर्दी कुणाला म्हणता?

मागच्या महिन्यात ठाण्यात एका सभागृहात साहित्यावर चर्चा होती. सभागृहाचं नाव सांगत नाही. वक्त्याचंही सांगत नाही. भांडण त्या एकट्या माणसाशी नाही. त्याच्या तोंडून जे बोललं गेलं ते पन्नास वर्षं अनेकांच्या तोंडून बोललं जातंय, आणि भांडण त्याच्याशी आहे.

वक्ता म्हणाला, "दलित साहित्यात गर्दी फार. माणूस दिसत नाही."

पुढच्या तीन रांगांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली. मग आभार झाले, मग चहा झाला. चहाच्या टेबलाशी वक्त्याभोवती माणसं जमली, तिथं मात्र कुणी गर्दी म्हणालं नाही. तिथं "चाहते" होते.

रात्री ठाण्याहून कल्याणची लोकल धरली. धरली म्हणजे अक्षरशः धरली, दांडा एका हातात, निम्मं अंग बाहेर. पाठीला कुणाचा तरी डबा टोचत होता. शेजारचा पोरगा मान वाकडी करून फोनवर सांगत होता, "आई, कळवा गेलं, भात टाक." मुंब्र्याला पुन्हा फोन. "टाकलास का?" त्याची आई त्याला स्टेशनागणिक मोजत होती. मला वाटलं, परत जावं आणि वक्त्याला म्हणावं, साहेब, हा बघा माणूस. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही फलाटावरून बघता. आम्ही डब्यातून बघतो.

तिथं बोलू दिलं नाही. म्हणून इथं बोलतो.

धूळ

शब्दापासून सुरुवात करू. गर्द म्हणजे धूळ. शब्द फारसीतून आला. जुन्या मराठीत "गर्दीस मिळवणे" म्हणजे धुळीला मिळवणे, नामोनिशाण पुसून टाकणे. बखरींच्या मराठीत गर्दी म्हणजे दंगल, मारामारी, धामधूम. १७६१ च्या पानिपतच्या आकांताला भाऊगर्दी म्हणत. आता निवडणूक लागली की इच्छुकांची भाऊगर्दी होते. शब्द मवाळ झाला, पण त्याच्या पोटातली धूळ आणि धास्ती गेली नाही. आजही गर्दी म्हटलं की सभ्य माणूस आधी खिसा चाचपतो.

आता धुळीचं आणि आमचं नातं बघा. बाबासाहेबांनी १९३६ च्या "अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट" या भाषणात लिहून ठेवलंय, पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावं लागे. त्याचं पाऊल ज्या धुळीत उमटलं ती धूळ मागच्या मागं झाडली जावी म्हणून. म्हणजे आमच्या पायाखालची धूळसुद्धा त्यांना भ्यायला लावत होती. ज्याचं पाऊल पुसायचं त्याचं नाव कशाला ठेवतील? पेशवाई १८१८ ला संपली. झाडू गेला. पण पुसायचं काम भाषेनं सुरू ठेवलं. झाडूच्या जागी शब्द आला, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, शब्दाचा किस पाडताय. गर्दी म्हणजे नुसती खूप माणसं. बरं. तर मग खूप माणसं दिसली की प्रत्येक वेळी गर्दी म्हणा ना! म्हणत नाही तुम्ही. माझ्याकडं यादी आहे.

गाणं ऐकायला जमले तर रसिक. देवळात जमले तर भाविक. पंढरीला निघाले तर वारकरी. लोकलच्या डब्यात टाळ घेऊन रोज भजन करणारे, त्यांचा ग्रुप. पाडव्याला डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा निघते. १९९९ पासून निघते, तिचं पाहून गावोगाव निघू लागल्या. फडके रोड माणसांनी भरून जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येतं? यात्रा. नागरिक. उत्साह. आणि १४ एप्रिलला आमची मिरवणूक निघाली की? गर्दी. खोळंबा. आवाज. ६ डिसेंबरला दादरला लोक निघाले की आठवडाभर आधी शहराला सूचना सुरू, अमुक रस्ता बंद, तमुक दिवशी त्या बाजूला जाणं टाळा. त्या सूचनांमध्ये पाणी, मंडप, संडास यांचीही सोय लिहिलेली असते, ते नाकारत नाही. पण सूचना कुणाला उद्देशून असते बघा. आमच्यापासून वाचायचं कुणी, त्यांना.

स्वागतयात्रेवर माझा राग नाही. चांगले कपडे घालून माणसं रस्त्यावर येतात, हसतात, बरं वाटतं. माझं म्हणणं इतकंच, तोच रस्ता, तेवढीच माणसं, मग शब्द दोन का?

पाचवा माणूस

गर्दीचा थोरला भाऊ जमाव. हा कायद्याच्या घरचा. १८६० च्या दंडसंहितेत कलम १४१ होतं, बेकायदा जमावाचं. पाच किंवा जास्त माणसं आणि त्यांचा समान बेकायदा हेतू. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा १८९ झाला. पाच तसेच राहिले. कायद्यात हेतूची अट आहे. वर्तमानपत्रात आणि साहित्यात ती अट नाही. तिथं हेतू तपासायच्या आधीच कोण जमाव आणि कोण गाव हे ठरलेलं असतं.

खोटं वाटतं? २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, प्रियांका, रोशन, सुधीर. चार माणसं मारली. मारणारे पाचापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना तेव्हाच्या बातम्यांत काय म्हटलं गेलं, आठवा. "गावकरी." "संतप्त गावकरी." गावकरी! चौघांना ठार मारूनसुद्धा त्यांचं गाव त्यांच्याकडंच राहिलं. कज्जा चालला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, २५ वर्षांची. अ‍ॅट्रॉसिटी कायदा काही लागला नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले.

आता त्याच वर्षाचा ३० नोव्हेंबर. कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती. खैरलांजीचा जाळ पोटात होताच. महाराष्ट्र पेटला. आमच्या उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन अडवली, प्रवाशांना खाली उतरवलं आणि डबे पेटवले. दुसऱ्या दिवशी मराठीतले सगळे जुने शब्द मोकळे सुटले. जमाव. झुंड. टोळकी.

गाडी जाळली ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्या गाडीनं आमचं काही वाकडं केलं नव्हतं, आणि जाळणाऱ्यांच्या पोरांनाही पुढं कोर्टाच्या तारखा चुकल्या नाहीत. मी शब्दांचा हिशेब मागतोय. चार माणसं मारली ते गावकरी. माणसं उतरवून डबे जाळले ते झुंड. लाकूड-पत्रा जळाल्याचं पातक थोर की माणसं मारल्याचं? भाषेनं उत्तर देऊन टाकलंय. आपण ते रोज वापरतो आणि आपल्याला कळत नाही.

लोंढा

धाकटा भाऊ लोंढा. हा पुराच्या पाण्याबरोबर आला. नदी फुगली की लोंढा येतो, त्यात ओंडके, मेलेली गुरं, गाळ. मुंबई-ठाण्यात माणसांचे लोंढे येतात. हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय की कुणी थबकत नाही.

माझा बा असाच एका लोंढ्यातनं आला. १९७२ चा दुष्काळ. परभणीकडं आमचं गाव. बा-आई आधी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथं सुकडी मिळायची. तिथं मस्टर होतं. मुकादम सकाळी नावं पुकारायचा आणि बा म्हणायचा, "हाय." आई म्हणायची, "हाय." हजेरीला नाव, पगाराला अंगठा. सरकारनंसुद्धा त्याला नावानं ओळखलं, खडी फोडायला का होईना.

मग बा कल्याणला आला. पूर्वेला पत्र्याची खोली. सकाळी नाक्यावर उभं राहायचं. ठेकेदार यायचा आणि बोट नाचवायचा, "तू, तू, आणि तो मागचा. चार जण चला." तिथं नाव गेलं. बोट आलं. आणि पेपरानं लिहिलं, लोंढे. बा अडाणी होता. पेपर मी वाचून दाखवायचो, चौथीत होतो. "लोंढा म्हंजी काय लिवलंय रं?" "आपण," मी म्हणालो. तो खूप हसला. म्हणाला, "लोंढ्याला काय जेवाया लागत न्हाई. मला भाकर वाढ म्हनावं."

त्या लोंढ्यानं डोंबिवली-कल्याणच्या किती इमारतींच्या स्लॅब टाकल्या, गटारं खोदली, ते कुणी मोजलं नाही. घर बांधून होईस्तोवर कामगार. घरात राहणारे आले की झोपडपट्टी. झोपडपट्टी वाढली की लोंढा. शब्द तीन, माणूस तोच.

लोहाराचं नाव

पुढं जाण्याआधी जरा मागं जाऊ. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० माणसं, २१ तोफांची सलामी. त्या ४०० जणांना इतिहासाच्या पुस्तकांत काय म्हणतात? निमंत्रित. पाहुणे. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणपर्यंत पोचली. आज त्याच रुळांवर माणसं कोंबून जातात. रेल्वेकडं त्यासाठी खास शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. लोड! शब्द नीट ऐका. लोड मालाचा असतो. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांत पडली. काही मेली. लोकांनी हळहळून म्हटलं, गर्दीनं जीव घेतला. म्हणजे गर्दीच मेली आणि गर्दीनंच मारलं. गुन्हेगारही गर्दी, मयतही गर्दी. मधल्या कुणाचा संबंधच नाही. शब्द किती कामाचा आहे बघा!

आणि आता खूप मागं जाऊ. कान्हेरीच्या लेण्यांत जा. बोरिवलीच्या जंगलात आहेत, लांब नाहीत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणची माणसं आहेत. सातवाहनांच्या काळातलं कल्याण, मोठं बंदर. त्या माणसांनी भिक्खूंसाठी दानं दिली. व्यापारी आहेत. सोनार आहे. आणि एक लोहार आहे. लोहार! त्याचा धंदा कोरलाय, गाव कोरलंय, नाव कोरलंय. अठराशे वर्षांहून जास्त पाऊस त्या अक्षरांवर पडला, नाव गेलं नाही.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. कल्याणच्या लोहाराला बुद्धाच्या डोंगरावर नाव होतं. आणि त्याच कल्याणच्या माझ्या बापाला नाक्यावर बोट होतं. मधल्या काळात काय झालं? हा प्रश्न मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी विचारायला पाहिजे होता. त्यांना अलंकार मोजायचे होते.

काय झालं ते एका शब्दात सांगतो. महाजन. पालीत महाजन म्हणजे मोठा जनसमुदाय, साधी सगळी माणसं. जातककथांमध्ये महाजन जमतो, महाजन ऐकतो, महाजन रडतो. तिथं लोकसमुदायाचं नावच मोठेपणाचं आहे. आणि आमच्या मराठीत महाजन कोण? पेठेचा वतनदार. सावकार. थोर मनुष्य. महाभारतात यक्षानं धर्मराजाला वाट विचारली, त्या उत्तरातही हा शब्द आहे. महाजन गेले ती वाट, असा अर्थ. आम्हाला शाळेत शिकवलं, थोर पुरुष गेले ती वाट. पण पुष्कळ लोक गेले ती वाट असाही अर्थ लागतो, आणि पंडितांत त्यावर वाद आहे. शाळेत वाद शिकवला नाही, एक अर्थ शिकवला.

माणसांच्या समूहाचा शब्द होता. वरच्यांनी तो उचलून अंगावर घेतला, शालीसारखा. आणि समूहाला काय ठेवलं? धूळ. एक वतन असंही लुटलं गेलंय, त्याचा सातबारा कुठं मिळत नाही.

"मी" आणि "आम्ही"

आता वक्त्याच्या मुद्द्यावर येतो. दलित साहित्यात गर्दी, माणूस नाही.

पुस्तकं काढा. दया पवारांचं "बलुतं", १९७८. सोनकांबळ्यांचे "आठवणींचे पक्षी", १९७९. लक्ष्मण माने, "उपरा", १९८०. बेबी कांबळे, "जिणं आमुचं". शांताबाई कांबळे, "माज्या जल्माची चित्तरकथा". लक्ष्मण गायकवाड, "उचल्या", १९८७. सगळी कुणाची पुस्तकं? एकेका माणसाची. स्वतःचं नाव, आईचं नाव, आज्याचं नाव, गावाचं नाव. "बलुतं" मध्ये तर दगडू मारुती पवार आणि दया पवार, एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवलेत. एका माणसाच्या आत इतकं खोल उतरणारं पुस्तक तुम्हाला गर्दी वाटतं?

आणि गंमत अशी, ही पुस्तकं आली तेव्हा त्यांच्यावर आक्षेप काय होता? की हे लोक स्वतःचंच रडगाणं गातात, स्वतःबाहेर बघत नाहीत. म्हणजे "मी" म्हटलं तर रडगाणं. "आम्ही" म्हटलं तर गर्दी. मग आम्ही कोणत्या पुरुषात बोलायचं? तृतीय पुरुषात? ते तर तुम्ही हजारो वर्षं आमच्याविषयी बोलताच आहात.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचं उत्तर पेपरांच्या नावांतच देऊन ठेवलंय. १९२० ला "मूकनायक". १९२७ ला "बहिष्कृत भारत". १९२८ ला "समता". १९३० ला "जनता". १९५६ ला "प्रबुद्ध भारत". नावं एका खाली एक लिहा आणि वाचा. मुके होते. मग बहिष्कृत आहोत हे मोठ्यानं म्हणाले. मग समता मागितली. मग जनता झाले. मग प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समूहानं स्वतःचं नाव टप्प्याटप्प्यानं बदलून घेतलं. मराठीत दुसऱ्या कुणी हे केलंय का, दाखवा.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. लाखो माणसं मैदानात. बावीस प्रतिज्ञा. त्या प्रतिज्ञांचा कर्ता कोण आहे? "आम्ही" नाही. "मी". लाखो माणसं एका वेळी, एका आवाजात, "मी" म्हणत होती. त्रिशरणातलं क्रियापद बघा, गच्छामि. एकवचन आहे. संघाला शरण जातानासुद्धा माणूस एकेकटा जातो, आपल्या पायानं जातो. ल बाँ नावाच्या एका फ्रेंच पंडितानं १८९५ साली पुस्तक लिहिलं की समूहात शिरला की माणूस बुद्धी गमावतो. असेल त्याच्या पॅरिसात. नागपूरच्या मैदानात उलटं घडलं. तिथं माणूस समूहात शिरला आणि त्याला पहिल्यांदा बुद्धी वापरायची परवानगी मिळाली. गावात एकटा होता तेव्हा तो जात होता. लाखांत आला तेव्हा तो "मी" झाला.

ही गोष्ट ज्याला कळली नाही त्यानं दलित साहित्यावर बोलू नये. चहा प्यावा.

आता आपल्या घरात

इथं थांबलो तर टाळ्या पडतील. पण टाळ्यांसाठी लिहीत नाही.

मित्रहो, आपल्या घरातही झाडून बघू. हा शब्द आपण वापरत नाही का? आपला पुढारी स्टेजवर चढतो आणि पहिलं काय म्हणतो? "हा अथांग जनसागर." सागर! सागराला तोंड असतं का? नाव असतं का? सागराकडं बघून बोलणाऱ्याला कुणाचं ऐकावं लागत नाही. गर्दी म्हणून हिणवणारा वरचा, आणि सागर म्हणून मिरवणारा आपला, दोघंही मोजायचं टाळतात. एकाला भीती वाटते, दुसऱ्याला सौदा करायचा असतो. किती ट्रक आले, किती गाड्या भरल्या, यावर आपली किंमत ठरवून आपल्यालाच विकणारे आपण पाहिलेत. त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत.

आणि आपण लिहिणारे? आपल्या कवितांतला तो मोर्चा आठवा. मुठी, मशाली, वादळ, ज्वालामुखी. पन्नास वर्षं तोच मोर्चा चाललाय, आणि त्यात एकाच्याही पायातली चप्पल तुटत नाही. एकाही बाईला तहान लागत नाही. १९६३ ला बाबूराव बागुलांनी "जेव्हा मी जात चोरली होती" लिहिलं, त्या नावातसुद्धा "मी" आहे आणि चोरी आहे आणि भीती आहे. आपण ती भीती खोडून तिथं घोषणा लिहिली. सोपं पडलं.

मी हे दुसऱ्याला सांगत नाही. माझीच गोष्ट आहे. तरुणपणी मी ६ डिसेंबरवर कविता लिहिली. त्यात जनसागर होता, लाटा होत्या, निळं वादळ होतं. एका अंकात छापून आली. घरी आईला वाचून दाखवली. आई निवडत होती, ज्वारी. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्याच्यात मी कुटं हाय?"

म्हणालो, "हा काय, सागरात."

"सागर कसला रं? मी व्हते. तुजी मावशी व्हती. बाजूची शेवंता व्हती, तिचं पोरगं काखंला. म्हातारी यशोदा व्हती, तिला दिसत न्हाई. आमी नऊ जणी गेलो कल्याणहून. पदराला पदर बांदून. दादरला उतारलो तवा मोजल्या, नऊ. रांगंत लागलो, मोजल्या, नऊ. दर्शन झालं, मोजल्या. शेवंताची चप्पल गेली. म्हातारीनं तुज्यासाटी पुस्तक घेतलं, वाचता येत न्हाई तिला, चित्र हाताला लावून बघितलं बाबासाहेबाचं. कल्याणला उतारलो, मोजल्या, नऊ. मोजून नेल्या, मोजून आनल्या. आन तू म्हंतुस सागर."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. ती कविता मी नंतर कुठं वाचली नाही.

त्या पुस्तकाचंही सांगून टाकतो. चैत्यभूमीच्या परिसरात दर ६ डिसेंबरला पुस्तकांचे स्टॉल लागतात. रस्त्यावर, चादरीवर, टेबलावर. अंगावर धड कपडे नसलेला माणूस तिथं खिशातली नोट उलगडून पुस्तक घेतो. साहित्य संमेलनं ठाण्यात झाली, २०१० ला, अध्यक्ष उत्तम कांबळे. डोंबिवलीत झालं, २०१७ ला. तिथंही पुस्तकं विकली गेली, तिथले लोक रसिक वाचक. आणि दादरला पुस्तक घेणारी, डोळ्यांनी न दिसणारी म्हातारी? ती गर्दी. मराठी प्रकाशकांनो, वाचक नाहीत म्हणून रडता. गर्दीत शोधा.

मग काय करायचं?

शब्द टाकून द्यायचा का? मी तसं म्हणत नाही. शब्द उचलून आपली पाटी करायची रीत आपल्याला आहे. "दलित" हा शब्द असाच उचलला, १९७२ च्या पँथरनं तो छातीवर लावला. २०२२ साली नागराज मंजुळेंनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या सिनेमाला नाव दिलं "झुंड". शब्द तोच, पण पडद्यावर एकेक पोरगं नावासकट उभं केलं. शब्द उचलायचा तर असा उचलायचा. आत माणसं भरून.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लिहिताना "गर्दी" आली की पेन थांबवा. आधी विचारा, मी कुठं उभा राहून बघतोय? फलाटावर, गच्चीवर, स्टेजवर, की डब्यात? मग विचारा, यातल्या किती जणांची नावं मला माहीत आहेत? एकाचंही नसेल तर लिहू नका. जा, विचारून या. आणि तिसरं, हीच माणसं वरच्या आळीतली असती तर मी कोणता शब्द वापरला असता? तो वापरून बघा. "६ डिसेंबरला दादरला लाखो नागरिक आले." बघा, जिभेला कसं लागतं. लागतंय ना वेगळं? ती चव दोनशे वर्षं आपल्याला मिळाली नाही.

आणि वक्तेसाहेब, तुम्हाला शेवटचं. तुम्हाला आमच्या साहित्यात माणूस दिसत नाही. या कल्याणला. रात्रीची शेवटची गाडी येते तेव्हा पूर्वेच्या पुलाखाली बायका उभ्या असतात. हॉस्पिटलची झाडलोट करून, हॉटेलातली भांडी घासून, पोळ्या लाटून आलेल्या. एकटीनं अंधारात जायचं नाही असं ठरलेलं. सगळ्या आल्याशिवाय एकही निघत नाही. एक जण बोटं घालून मोजते. एक, दोन, तीन... कमी भरल्या तर थांबतात, पुढच्या गाडीची वाट बघतात.

तुम्ही त्या पुलावरून गेलात तर तुम्हाला गर्दी दिसेल. जरा खाली उतरा. मोजणं ऐकू येईल.

जय भीम.